टोपलीखालचं पाऊल

टेंभुर्णी,
६ जानेवारी २०२५

ती. दादास,
शालूचा नमस्कार.

घरात फोन असताना ही बया कागद का काळे करते, असं म्हणशील. फोन आता नावालाच माझा आहे. तो सासऱ्यांच्या उशाशी असतो, आणि मी बोलायला लागले की सगळं घर कान टवकारतं. म्हणून पत्र. तूही पत्रच पाठव, साळूबाईंच्या पत्त्यावर. शेजारच्याच आहेत त्या, आणि वाचायला येत नसल्यामुळे भरवशाच्या आहेत.

काम कॅमेऱ्याचं आहे. ज्या जुन्या कॅमेऱ्यावर ह्यांनी अर्ध्या तालुक्याची लग्नं काढली, तोच. तो कॉम्प्युटरला जोडला जात नाही. त्यात कार्ड नसतं, सगळं आतच साठतं. सासूबाईंच्या दहाव्याला तो ह्यांच्या हातून पडला, तेव्हापासून त्याचा पडदा पांढरा फटक आहे. म्हणजे आत काय आहे ते बघायचं तर कॉम्प्युटरशिवाय मार्ग नाही.

आता ते का बघायचंय, ते सांगते. आमच्या आत्याबाई चार वर्षं उजव्या अंगानं लुळ्या पडलेल्या होत्या, वाचाही गेलेली. त्या वारल्या त्याला तू येऊन गेलास, पण दहाव्याला नव्हतास. आपल्याकडं पीठ रात्री ठेवतात, ह्यांच्याकडं दहाव्याला दिवसा ठेवतात. माणूस जिथं गेलं तिथं सारवायचं, पीठ पसरायचं, शेजारी दिवा, वर टोपली पालथी. मग सगळ्यांनी नदीवर जायचं. दाराला कुलूप घालायचं नाही, नुसतं पुढं ओढून घ्यायचं. परत आल्यावर टोपली उचलायची आणि पिठात काय उमटलंय ते पाहायचं, म्हणजे गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं ते कळतं. पोटुशीनं नदीवर जायचं नाही आणि पीठही बघायचं नाही, म्हणून मला साळूबाईंकडं निजवलं होतं. सकाळच्या भजनाचं शूटिंग करून ह्यांनी कॅमेरा कोपऱ्यात स्टँडवर तसाच चालू ठेवला. गडबडीत विसरले.

टोपली उचलली तर पिठात पाऊल. तान्ह्या लेकराचं, पाच बोटं स्पष्ट.

तेव्हापासून घरात दिवाळी आहे दादा. आत्याबाई माझ्या पोटी येणार. सासरे मला बघून उठून उभे राहतात. माझ्या पोटाकडं बघून आत्याबाईंच्या नावानं विचारतात, "सुगंधा, शेंगा खाल्ल्या का?" मी गप्प राहिले तर वाट बघत बसतात. मग मी हो म्हणते.

तुला खरं सांगते, मला माझ्याच लेकराची भीती वाटते. ते आत हललं की पूर्वी मला हसू यायचं, आता मी हात काढून घेते. ते पाऊल कुणी केलंय का आपोआप उमटलंय, एवढंच मला बघायचंय. कुणी केलेलं असेल तर मी सुटले. कॅमेरा कसा जोडायचा ते नीट, माझ्या डोक्यात शिरेल असं लिही.

तुझी,
शालू


अंकुशनगर,
१२ जानेवारी २०२५

चि. शालूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसलो, मग हसू गेलं. आमचं दुकान कारखान्याच्या गेटासमोर. सध्या गाळप जोरात, दिवसभर उसाच्या गाड्या आणि ड्रायव्हरांचे बिघडलेले मोबाइल. तरी तुझं पत्र दोनदा वाचलं.

आधी कॅमेऱ्याचं. पहिली गोष्ट, वायर बदल. घराघरात पडलेल्या निम्म्या वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून फोटो जात नाहीत. कॅमेऱ्याच्या खोक्यातली जाड वायर शोध. दुसरं, कॅमेरा बॅटरीवर जोडू नकोस, त्याचा चार्जर भिंतीत लाव. काही कॅमेरे बॅटरीवर असले की कॉम्प्युटरला ओळखच देत नाहीत, गावच्या पुढाऱ्यासारखे. तिसरं, बटण शूटिंगवर नको, बघायच्या खुणेवर ने. चौथं, वायर कॉम्प्युटरच्या पुढच्या भोकात न घालता मागच्या भोकात घाल, पुढची सैल झालेली असतात. एवढं करून कॉम्प्युटरनं काही पुसू का म्हणून विचारलं, तर काही झालं तरी नाही म्हण. एकदा हो म्हटलंस की आतलं सगळं गेलं.

आता पावलाचं. उंदीर गं, दुसरं काय. पिठाला उंदीर येणार नाही तर कोण येणार? बघणाऱ्याच्या मनात लेकरू होतं म्हणून लेकराचं पाऊल दिसलं. वेळेवर जेव आणि पोटावरून हात काढू नकोस. त्याला काय कळतंय, त्याची आजी कोण आणि टोपली कुठली.

तुझा,
गोरक्षनाथ


टेंभुर्णी,
१९ जानेवारी २०२५

ती. दादास,
नमस्कार.

हे जाफराबादला लग्नाच्या शूटिंगला गेले तेव्हा तू सांगितलेलं सगळं केलं. जाड वायर, भिंतीतला चार्जर, मागचं भोक. कॉम्प्युटर 'टुंग' असा वाजायचा, पडद्यावर काहीतरी यायला लागायचं, आणि लगेच पुन्हा वाजून सगळं जायचं. वायर धरून ठेवली तर थोडा वेळ टिकायचं. कुणीतरी दार उघडून मला बघून परत लावून घेतंय असं वाटायला लागलं. मी उठले.

उठले तर दारात हे उभे. कधी आले कळलं नाही. मला वाटलं आता रागावतील. रागावले नाहीत, पण तोंड उतरलं होतं. म्हणाले, मीही जोडून बघितलाय, होत न्हाई, नाद सोड. मी म्हटलं, अंकुशनगरला दादाकडं पाठवू. तर माझ्या शेजारी खाली बसले आणि अगदी हळू बोलले.

"आई येऊन राह्यलीय तर येऊ दे ना शालू. तुला काय अडचण हाय?"

दादा, ते पाऊल ह्यांनीच केलंय असं आता मला वाटायला लागलंय. नदीवरून मधेच कुणी परत आलं असेल तर कोण बघायला होतं? आईवर जीव होता त्यांचा. तसं असेल तर बरंच आहे, मी त्यांना एका शब्दानं बोलणार नाही.

आत्याबाईंची खाट माळ्यावर टाकली होती, ती उतरवलीय. मला तिच्यावर निजवतात. जमिनीवर झोपू नको म्हणतात.

उद्या आमच्या गावच्या भुजंगच्या जीपनं हुरड्याची पिशवी पाठवतेय, जाफराबादला तो ती तुमच्याकडच्या गाडीत देईल. हुरडा काढून घे आणि खाली हात घाल. कॅमेरा तळाशी आहे.

तुझी,
शालू


अंकुशनगर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. शालूस,
आशीर्वाद.

हुरडा गोड होता. कॅमेराही पोचला.

तुमच्याकडं तो का जोडला जात नव्हता ते कळलं. वायर जिथं खुपसतात तिथली आतली पिन वाकलीय. पडल्यानं पिन अशी वाकत नाही, काहीतरी टोकदार घालून पिळल्यासारखी दिसते. तुझ्या छकुलीनं खिळा घातला असेल, पाच वर्षांच्या पोरांना भोक दिसलं की राहवत नाही. ते भोकच नवीन बसवलं. तरी माझा दुकानातला कॉम्प्युटर ओळख देईना, फार नवा पडला. मग माळ्यावरचा जुना काढला, धूळ झटकली, त्याला लावल्याबरोबर कॅमेरा बोलायला लागला. म्हाताऱ्याला म्हाताऱ्याचीच भाषा कळते.

दहाव्याचं शूटिंग आहे. भजन आहे, मग माणसं उठून बाहेर जातात, तुझे रामेश्वरराव दार ओढून घेतात. त्यानंतर नुसती खोली. टोपली, दिवा आणि खिडकीतून आलेलं ऊन. इथपर्यंत बघितलं आणि गिऱ्हाईक आलं. उरलेलं निवांत बघून कळवतो. काळजी करू नकोस.

तुझा,
गोरक्षनाथ


टेंभुर्णी,
१४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
नमस्कार.

निवांत म्हणजे किती निवांत? साळूबाईंच्या दारात माझ्या रोज खेपा होतात. त्या म्हणतात, पोस्टमन काय तुझा जावई हाय का.

इथं एक नवीनच झालंय. परवा चहा घेताना सासरे माझ्याकडं बघून रडायला लागले. विचारलं तर म्हणाले, कप बघ. मी कप डाव्या हातात धरला होता. आत्याबाईंचा डावा हातच तेवढा चालायचा. हे म्हणाले, आज न्हाई, बरेच दिवस झाले, तू जेवतेस पण डाव्यानं. मला आठवत नाही दादा. मी आता जेवायला बसले की उजव्या हाताकडं बघत बसते, आणि बघणं चुकलं की घास डाव्या हातात असतो.

काय दिसलं ते लगेच लिही. ह्यांनी केलेलं असलं तरी लिही.

शालू


अंकुशनगर,
२५ फेब्रुवारी २०२५

चि. शालूस,
आशीर्वाद.

उशीर झाला. सगळं बघितलं. घाबरण्यासारखं काही नाही.

ती छकुली होती. सगळे गेल्यावर मागच्या दारानं आत आली, टोपली उचलून पिठात पाय दिला, पुन्हा टोपली झाकून पळाली. पोरांचा खेळ झाला आणि मोठ्यांनी त्याचं देवकार्य केलं. रामेश्वररावांवर उगाच संशय घेऊ नकोस.

तुला पाठवावं म्हणून शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवत होतो, तर लाईट गेली आणि ते सगळं खराब झालं. आता त्यात बघण्यासारखं काही राहिलं नाही. कॅमेराही टाकून द्यायच्या लायकीचा आहे, माझ्याकडंच राहू दे.

डाव्या हाताचं मनावर घेऊ नकोस. चार वर्षं ज्या माणसाला भरवलंस त्याची सवय लागणारच. आता शांत झोप.

तुझा,
गोरक्षनाथ


टेंभुर्णी,
४ मार्च २०२५

दादा,

पत्र वाचून मी खरंच शांत झोपले. एक रात्र. सकाळी छकुलीला जवळ घेऊन लाडानं विचारलं, पिठात पाय कुणी दिला गं? ती म्हणाली, मी तर नदीवर होते. सासऱ्यांनी सांगितलं, ती दिवसभर ह्यांच्या खांद्यावर होती, पाण्यात उतरायचा हट्ट धरून रडत होती. सगळ्या गावानं बघितलंय.

छकुलीचा पाय आता टोपलीएवढा झालाय, तो तान्ह्याचा कसा वाटेल, एवढा विचार तरी खोटं लिहिताना करायचास. तू मला कधी खोटं सांगितलं नव्हतंस. म्हणजे जे दिसलं ते तुला सांगवत नाही, एवढं मला कळलं.

साळूबाईंनाही खोदून विचारलं. मी निजल्यावर त्या घरात नव्हत्या. "मी गुरांना पाणी पाजायला गेल्ते. आले तं तू तशीच निजलेली, घामानं भिजून." एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या. सगळेच माझ्यापासून काहीतरी झाकून राह्यले.

माझे दिवस भरत आले. आता नीट ऐक. ते पाऊल कुणाचं होतं ते कळल्याशिवाय मी ह्या लेकराला पदराखाली घेणार नाही. वरचं दूध पाजीन, दुसऱ्या कुणाच्या मांडीवर देईन, पण छातीशी धरणार नाही. लेकराची दया येत असेल तर खरं लिही.

शालू


अंकुशनगर,
११ मार्च २०२५

चि. शालू,

खोटं लिहिलं. चुकलो. तू सुखानं बाळंत व्हावंस एवढंच मनात होतं. शूटिंग खराब झालेलं नाही, कॅमेऱ्यात आहे तसं आहे.

ती तू होतीस.

भर दुपारचं ऊन खोलीत आलेलं आहे. मागच्या दारानं तू आत येतेस. केस मोकळे. उजवा पाय ओढत येतेस, आणि उजवा हात अंगाशी धरलेला. मी आधी तुला ओळखलंच नाही. टोपलीजवळ खाली बसतेस, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी. डाव्या हातानं टोपली उचलतेस. डावीच मूठ वळून पिठात उभी दाबतेस आणि वर बोटानं पाच ठिपके देतेस. गौरी येतात तेव्हा दारापासून देवापर्यंत आई तुझ्याकडून पावलं काढून घ्यायची, अगदी तशी. मग टोपली झाकतेस.

मग तू बोलतेस. आवाज तुझाच आहे.

"या. पण दुसरीकडं कुठं जाऊ नका. माझ्याकडंच या."

त्यानंतर बराच वेळ ऐकत बसतेस. मधे मान हलवतेस. समोर कुणी नाही शालू, मी अगदी जवळ जाऊन बघितलंय. शेवटी "बरं" म्हणतेस आणि आलीस तशी निघून जातेस. डोळे उघडे आहेत, पण तू झोपेत आहेस.

लहानपणी तू झोपेत उठून चालायचीस. आई रात्री तुझ्या पायाला आपल्या लुगड्याचा काठ बांधायची, म्हणजे उठलीस की तिला जाग यायची. हे तेच आहे. पाय ओढणं, डावा हात, हे सगळं चार वर्षं रोज डोळ्यांसमोर बघितलेलं. कुणी आलेलं नाही. ते पाऊल कुणा मेलेल्या माणसाचं नाही, तुझं आहे.

दुकानात तो कॅमेरा फडक्यात गुंडाळून ठेवलाय. पुसून टाकू का, एवढंच कळव.

तुझा दादा


टेंभुर्णी,
२२ एप्रिल २०२५

ती. दादास,
शालूचा नमस्कार.

मुलगी झाली. जाफराबादच्या सरकारी दवाखान्यात, सुखरूप. एवढ्या उशिरा कळवते म्हणून रागावू नकोस, पण ह्या दिवसांत जे झालं ते सगळं झाल्याशिवाय लिहिता येत नव्हतं.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. हे खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, मला ठावं हाय. दहाव्याच्या संध्याकाळीच त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं बघितलं होतं. पडदा त्यांनीच दगडावर आपटून फोडला, वायरीचं भोकही दाभण घालून त्यांनीच पिळलं, म्हणजे दुसऱ्या कुणी बघू नये. छकुलीवर आळ घेतलास तो मागे घे. मी विचारलं, एवढं केलं मग सरळ पुसून का नाही टाकलं? म्हणाले, "चार वर्षांनी आई चालताना दिसली गं. पुसवलं न्हाई."

मी रडले, तेही रडले. माझ्या अंगात त्यांना आई दिसत होती आणि मी त्यांच्यावर संशय घेत होते.

तू लिहिलंस, कुणी आलेलं नाही. तुझ्या त्या ओळीनं मला काहीच बरं वाटलं नाही. त्याच्या वरच्या ओळीनं वाटलं. माझ्याकडंच या, असं मी म्हणाले होते. इतके दिवस मी भीत होते ती कुणी न विचारता आत शिरलं म्हणून. आणि बोलावणं तर मीच केलेलं. का केलं तेही आता कळतं. आत्याबाईंची वाचा गेल्यावर त्यांच्याशी ह्या घरात कुणी बोलत नव्हतं. त्यांच्याबद्दल बोलायचे, त्यांच्याशी नाही. मी तेवढी न्हाऊ घालताना बडबडायचे आणि त्या ऐकायच्या. त्या गेल्या तसं माझंही ऐकणारं कुणी राहिलं नाही. मला त्या हव्या होत्या दादा. जागेपणी मला हे कुणी सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

आता पोरीचं. दवाखान्यात एकदा रडली आणि त्यानंतर तिनं आवाजच काढला नाही. डॉक्टरनं तपासलं, सगळं ठीक म्हणाला. घरी आणली तरी तेच. भूक लागली तरी नुसती डोळे उघडून बघायची. सासरे दारात बसून असायचे. म्हणायचे, तिला वाचा न्हाई, तिला काय लागतंय ते आपण वळखावं. मी वाटी-चमच्यानं दूध पाजत होते. सगळं कळूनही मला तिला छातीशी धरवत नव्हतं. दूधही उतरलं नव्हतं. बाया म्हणायला लागल्या, ह्या पोरीचं काही खरं नाही, अंग धरत नाही.

परवा दुपारी घरात कुणी नव्हतं, सासरे तेवढे दारात होते. मी तिला समोर मांडीवर निजवलं आणि तोंडावर सांगितलं. मी बोलावलं, तुम्ही आलात. आला नसाल तरी मी बोलावलं होतं हे खरं. तुमचं करायचं होतं तेवढं मी केलं. आता इथं आई मी आहे. मी काही ओळखणार नाही, माझ्याच्यानं आता तसं होत नाही. भूक लागली तर लेकरासारखं रडायचं, मग मिळेल.

ती बघत राहिली. मीही बघत राहिले, हललेच नाही. समोर वाटीत दूध होतं, ते मी लांब सरकवलं. किती वेळ गेला माहीत नाही. तिचा ओठ थरथरला, तोंड लाल झालं, आणि ती रडली. अशी रडली की साळूबाई गोठ्यातून धावत आल्या. आणि माझी चोळी दुधानं भिजली.

सासरे दारातून आत आले. म्हणाले, "सुगंधा बोलली."

मी म्हटलं, "मामा, भूक लागलीय तिला. लेकरू हाय." आणि तिला पदराखाली घेतलं.

तुझी,
शालू